कूस वळली की घर फिरतं

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"माझं वय ५६. भांडुपला राहते, दादरला एका सहकारी बँकेत नोकरी. पाच महिन्यांपूर्वी पहाटे गजर बंद करायला डाव्या कुशीवर वळले आणि अख्खी खोली गरगर फिरली. पलंगाची कड घट्ट धरून पडून राहिले. अर्ध्या-एक मिनिटात थांबलं, मळमळ मात्र दुपारपर्यंत होती. तेव्हापासून डावीकडे वळलं, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिलं, पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकली की तेच. बँकेत बसल्या जागी शेजारच्या काउंटरकडे मान वळवली तर काही होत नाही. ऐकायला नीट येतं. एक्स-रेमध्ये मानेचा स्पॉन्डिलायटिस निघाला, म्हणून कॉलर दिली. मेंदूचा एमआरआय नॉर्मल. बीपीची गोळी जुनीच आहे, आता चकरेचीही दिवसातून तीनदा. स्टेशनजवळ एका ठिकाणी मानेला शेक आणि ट्रॅक्शन घेतलं, फरक शून्य. हल्ली तीन उशा घेऊन उजव्याच कुशीवर झोपते. दादरच्या पुलावर गर्दीत तरंगल्यासारखं होतं, कठडा धरून चालते. भाची म्हणते चकरेची वेगळी फिजिओथेरपी असते. आमचे हे म्हणतात, फिजिओ गुडघ्या-कमरेला, डोक्याला कसली? आणि माझी भीती अशी, की आधीच खराब असलेली मान कुणी मुरगळली तर?"

ताई,

भाचीचं ऐका. निदान तुमच्या पत्रातच जवळजवळ लिहिलेलं आहे, पाच महिन्यांत ते कुणी तपासून पाहिलं नाही एवढंच. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, ट्रॅक्शन झालं. पण तुम्हाला पलंगावर आडवं करून, डोकं डावीकडे वळवून, तुमच्या बुबुळांकडे कुणी बघत बसलं का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. तुमच्यासारख्या तक्रारीत पहिलं काम ते. दोन-चार मिनिटं लागतात, आणि सामान म्हणाल तर एक पलंग.

चकरेचा पेशंट आला की 'कसं वाटतं' हे आम्ही विचारतो, पण त्यावर फार विसंबत नाही. घेरी, भोवळ, हलकं वाटणं, डोकं रिकामं होणं, एकच माणूस सकाळी एक सांगतो आणि संध्याकाळी दुसरं. 'कशाने येते' आणि 'किती वेळ टिकते' हे मात्र खोदून विचारतो. ही दोन्ही उत्तरं तुम्ही न विचारता देऊन ठेवली आहेत.

आता ती बीपीच्या समोर ठेवून बघा. बीपी उतरल्याची चक्कर उठून उभं राहिल्यावर येते. आडवं असताना नुसती कूस बदलून बीपी खाली येत नाही, आणि तुमची चक्कर नेमकी तिथेच येते. मानेच्या समोर ठेवा. बसून मान वळवली तर काही होत नाही, असं तुम्हीच लिहिता. कूस वळताना मान कुठे पिळली जाते? खांदे, धड, डोकं सगळं एकत्र वळतं. बदलते ती फक्त डोक्याची जमिनीशी असलेली स्थिती. दोष मानेत असता तर बँकेतल्या खुर्चीतही चक्कर आली असती. एक्स-रेत झीज दिसली हे खरं, पण पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेत ती दिसते, चक्कर असो वा नसो. आपल्याकडे चकरेचा एक्स-रे म्हणजे मानेचाच, आणि त्यात काही ना काही सापडणारच. मग गळ्यात कॉलर येते. ही साखळी मी इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली कॉलर घालून कुणी आत आलं की आधी चकरेचंच विचारते.

राहिली वेळ. मेनिअरच्या, म्हणजे आतल्या कानाच्या एका आजारात चक्कर वीस मिनिटांपासून काही तास टिकते, कान जड होतो, त्यात आवाज येतो, ऐकू कमी येतं. तोलाच्या नसेला सूज आली तर माणूस दिवसच्या दिवस पडून असतो. मायग्रेनची चक्कर काही मिनिटांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कितीही राहते. एका मिनिटाच्या आत थांबणारी, डोक्याच्या ठरावीक हालचालीनेच येणारी, ऐकण्यावर परिणाम न करणारी अशी चक्कर उरते ती मुख्यतः एक. कागदावर तिला 'बीपीपीव्ही' लिहितात, म्हणजे बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, डोक्याच्या स्थितीने येणारी चक्कर; यातल्या 'बीपी'चा रक्तदाबाशी संबंध नाही. चकरेच्या कारणांत ही सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी, पन्नाशीनंतर अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

आत होतं ते असं. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या पिशव्या आणि तीन अर्धगोल नळ्या असतात. पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात, त्यांच्या वजनावरून डोकं कुठे कललं ते कळतं. नळ्यांत नुसता द्रव, त्याच्या हालण्यावरून डोकं कसं फिरलं ते कळतं. वयानं, डोक्याला मार लागून किंवा पुष्कळदा काहीही कारण नसताना, यातले थोडे कण सुटतात आणि नळीत उतरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खालच्या बाजूला. एरवी ते गप्प पडून असतात. तुम्ही कूस वळलात की घरंगळतात आणि जाताना द्रवाला ओढतात. डोकं तर उशीवर थांबलेलं, पण कान मेंदूला कळवतो की अजून फिरतंय. त्या खबरीवर डोळे झटके मारू लागतात आणि खोली फिरते. कण खाली बसले की सगळं शांत. एमआरआयमध्ये हे कण दिसत नाहीत, म्हणून तो नॉर्मल आला यात नवल नाही.

दिसतात ते डोळ्यांचे झटके, आणि त्यासाठीच ती चाचणी. लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली ती नीट मांडली, म्हणून डिक्स-हॉलपाइक. तुम्हाला पलंगावर पाय लांब करून बसवतील. डोकं ४५ अंश डावीकडे वळवतील, दोन्ही हातांनी धरून झटकन मागे निजवतील, असं की डोकं पलंगाच्या कडेबाहेर थोडं खाली राहील. आणि सांगतील, 'डोळे मिटू नका.' हेच अवघड जातं. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग घर फिरू लागतं. तपासणारी व्यक्ती तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर वाकून फक्त बुबुळं पाहत असते. बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे गोल फिरत झटके मारू लागली, ते वाढून ओसरले आणि मिनिटाच्या आत थांबले, की डाव्या कानाची मागची नळी पक्की. उजवीकडेही तसंच करून बघतात. दोन्हीकडे काही मिळालं नाही तर सपाट निजवून डोकं आडवं दोन्ही बाजूंना वळवतात, कारण कधी कण आडव्या नळीत असतात आणि तिचा इलाज वेगळा. काही ठिकाणी जाड भिंगांचा किंवा कॅमेऱ्याचा चष्मा लावतात, त्याने बारीक झटकेही सुटत नाहीत.

एक लक्षात घ्या, चकरेच्या गोळ्या हे झटके दाबू शकतात. चाचणीच्या आधी एक-दोन दिवस त्या थांबवायच्या का, हे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळीला हात लावू नका.

चाचणीत सापडलं तर इलाज बहुधा त्याच बैठकीत होतो. पाण्याने भरलेल्या वळणदार नळीत साबुदाण्याचा दाणा अडकला असेल, तर नळी सावकाश फिरवत, प्रत्येक वळणावर थांबत, तो तोंडाकडे आणता येतो. इथे नळी फिरवायची म्हणजे तुमचं डोकं फिरवायचं. डावीकडे निजलेल्या स्थितीत झटके थांबेपर्यंत थांबायचं. मग डोकं उजवीकडे वळवतात, पुन्हा थांबायचं. मग अंगासकट उजव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. मग हनुवटी छातीकडे ठेवून उठून बसायचं. दर टप्प्याला अर्धा ते एक मिनिट. मध्ये गरगरेल, क्वचित उलटीही होते, म्हणून भरल्या पोटी जाऊ नका. उठून बसताना एकदम खाली ढकलल्यासारखं वाटू शकतं. त्या क्षणी समोरच्याने तुम्हाला धरलेलं असायला हवं. हात सोडून कागद भरायला वळणारा माणूस या कामाचा नव्हे.

मागच्या नळीच्या दहा पेशंटांपैकी साधारण आठ जण एक ते तीन बैठकांत मोकळे होतात. पाच महिन्यांनंतर हे ऐकून तुम्हाला राग येईल, आणि तो रास्त आहे.

यजमानांसाठी थोडा इतिहास. ही युक्ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांची. नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते म्हटल्यावर त्यांच्या व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. १९८०च्या दशकात ते सांगत राहिले, आणि त्यांचा लेख छापून आला तो १९९२ साली. आज 'एप्ली' याच नावाने ती जगभर पहिला इलाज म्हणून करतात, ईएनटीवालेही आणि फिजिओथेरपिस्टही. तेव्हा 'डोक्याला कसली फिजिओ' म्हणणारे तुमचे मिस्टर काही एकटे नाहीत, मोठमोठे डॉक्टर त्यांच्या आधी तसं म्हणून गेलेत. आणि तोल हा गुडघ्या-कमरेइतकाच फिजिओथेरपीचा विषय आहे. गुडघा नवा बसवला तरी तोल नसेल तर माणूस चालणार कसा?

मानेची भीती. यात मान मुरगळत नाहीत, कडकड आवाज काढत नाहीत, झटका देत नाहीत. मान वळते ती रोज रस्ता ओलांडताना वळते तेवढीच, फक्त निजून आणि थोडी मागे झुकवून. तरी तपासणाऱ्याला आधी सांगा: मानेचं ऑपरेशन, संधिवात, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, हाडं ठिसूळ असणं, पूर्वी कधी अर्धांगाचा झटका, यातलं काही असेल तर. मान मागे जात नसेल तर खांद्याखाली उशी घेऊन किंवा कुशीवर निजवूनही चाचणी होते. मला उलट तुमच्या कॉलरची काळजी आहे. पाच महिने डोकं हंड्यासारखं सांभाळत, तीन उशांवर एकाच कुशीला झोपल्यावर चांगली मानही आखडेल. तुमची मान आज दुखत असेल, तर त्यातला बराच वाटा चकरेच्या धास्तीने न हललेल्या मानेचा आहे. चक्कर गेली की मानेचे साधे व्यायाम पुरतील. ट्रॅक्शनचा फरक पडला नाही याबद्दल त्या सेंटरला फार दोष देत नाही, चिठ्ठीवर 'मान' लिहिलं होतं आणि त्यांनी मान धरली. पण चकरेची तक्रार कानावर पडूनही आडवं करून न पाहणं मला पटलेलं नाही, मग ते फिजिओ असोत की डॉक्टर.

गोळ्यांबद्दल स्पष्टच लिहिते. बीटाहिस्टीन, सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, यांतली कुठलीही गोळी ते कण जागेवर नेऊन ठेवत नाही. उलट्या आवरत नसतील तेव्हा दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारलेल्या सूचनांतही या आजाराला चक्कर दाबणारी औषधं सरसकट देऊ नका, असंच म्हटलंय. शिवाय सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने घेतल्यावर काहींना, विशेषतः वय झालेल्यांना, हात थरथरणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'ही किती दिवस?' असं सरळ विचारा. मनाने बंद करू नका.

आता दादरचा पूल. हे थोडं वेगळं प्रकरण आहे आणि एप्लीने लगेच जाईलच असं नाही. कान विश्वासाचा राहिला नाही की मेंदू डोळ्यांवर भार टाकतो. मग समोरून येणारा लोंढा, फलाटावरून सुटणारी गाडी, दारातून मागे पळणारे रूळ, जे जे हलतं ते आपल्यालाच हलवतं. त्यात भीतीने अंग ताठ, श्वास वर आणि नजर पायांत. कण जागेवर गेल्यानंतरही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, हे तरंगणं राहतं. तेवढ्यात निवळलं नाही तर त्याचे व्यायाम आहेत. त्यातला एक सांगते, मात्र चाचणी होऊन गेल्यावर आणि तुमच्या फिजिओने हो म्हटल्यावरच करायचा. भिंतीवरच्या कालनिर्णयातली एक मोठी तारीख डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, हातभर लांब उभ्या राहा, मागे खुर्ची असू द्या. नजर तारखेवर रोखून डोकं 'नाही नाही' म्हणतो तसं हलवा, आकडा स्पष्ट दिसेल इतक्याच वेगाने. आकडा फाटला की वेग जास्त झाला. थोडी चक्कर आली पाहिजे, पण पुढल्या दहा-पंधरा मिनिटांत उतरली पाहिजे. मग हळूहळू वेग वाढवणं, पाय जवळ घेणं, चालता चालता करणं. यात चक्कर टाळायची नसते, मापात आणायची असते. बायका नेमक्या इथे थांबतात, कारण पहिले चार-पाच दिवस जास्तच गरगरतं. पूलही तसाच पुन्हा चालायचा. आधी दुपारी, गर्दी नसताना, कठड्याजवळून पण कठडा न धरता, आणि नजर पाठमोऱ्या माणसांच्या डोक्यांवरून समोर.

जायचं कुठे? भांडुपहून सायन किंवा परळ सरळ आहे. महापालिकेच्या सायन, केईएम आणि नायर या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत ईएनटी आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपर आधी ईएनटीचा काढा, कान आतून बघून होईल आणि तिथेच चाचणी झाली तर उत्तम. खासगीत जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेताना फोनवर एकच विचारा: 'चकरेसाठी डिक्स-हॉलपाइक करता का?' 'हो, डावीकडे होते की उजवीकडे?' असा उलट प्रश्न आला तर जा. 'या, मशीन लावून बघू' असं आलं तर आभार मानून फोन ठेवा. राज्याच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी आहे का, हेही विचारायला संकोच नको. एकटीने जाऊ नका. जाताना दुपारची गाडी घ्या, येताना टॅक्सी.

यूट्यूब बघून घरी करू नका, असं लिहिलं तरी वाचणाऱ्यांतले निम्मे करणार हे मला माहीत आहे. निदान एवढं समजून घ्या: कोणता कान आणि कोणती नळी, हे ठरल्याशिवाय केलं तर कण चुकीच्या नळीत जाऊ शकतात, आणि तिथली चक्कर जास्त जोराची असू शकते. एकदा निदान झालं, इलाज करून दाखवला, की घरी कसं करायचं ते तेच शिकवतील.

आणि ही कुठलीही वाट न बघता १०८ला फोन करायची वेळ कोणती, तेही घरच्यांना सांगून ठेवा. चकरेबरोबर एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, आधार देऊनही उभं राहता न येणं, कधी नव्हे अशी डोकेदुखी एकदम उठणं, किंवा न थांबता तासन्‌तास गरगरत राहणं. यातलं काही झालं तर एप्ली नाही, फिजिओ नाही, थेट मोठं हॉस्पिटल. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी ईएनटी गाठायचा. सध्या तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

इलाज झाल्यावर 'दोन रात्री बसून झोपा' असं पूर्वी सांगत, आता त्याची गरज मानत नाहीत. हव्या त्या कुशीवर झोपा, कॉलर काढून ठेवा. आठवड्याने पुन्हा दाखवा, चाचणी पुन्हा करतील. तोवर स्टुलावर चढणं बंद, आणि रात्री उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच पाय टाका. तुमच्या वयाला चकरेपेक्षा पडून मोडलेलं हाड महागात जातं. डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाची तपासणी करायची का तेही विचारा. ते कमी असलेल्यांत ही चक्कर परत येण्याचं प्रमाण जास्त आढळलंय, आणि सकाळी अंधारात निघून संध्याकाळी परतणाऱ्या मुंबईकराला ऊन मिळतं कुठे?

परत येऊ शकते, हे आधीच सांगते. पुष्कळांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी येते, कधी दुसऱ्या कानातही. म्हणून निघताना त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: कोणता कान, कोणती नळी, कोणता इलाज, किती वेळा. पुढच्या वेळी एमआरआयच्या फाइलीवर तो कागद ठेवा आणि समोरच्याला आधी तोच वाचायला द्या.